हात वर न करणारी विद्यार्थिनी : ‘एकच प्याला’ शिकवताना घडलेले एक प्रकरण

हे प्रकरण मी संबंधित विद्यार्थिनीच्या संमतीने लिहिते आहे. गाव, महाविद्यालय आणि ओळख पटेल असे काही तपशील गाळले किंवा बदलले आहेत. वर्गात जे बोलले गेले ते मी त्याच संध्याकाळी टिपून ठेवले होते, त्यावरून हे लिहिले आहे.

पार्श्वभूमी

२०१८ च्या पावसाळी सत्रात उत्तर गोव्यातल्या खाणपट्ट्याला लागून असलेल्या एका महाविद्यालयात मी बी. ए. च्या पहिल्या वर्षाला मराठी शिकवत होते. वर्गात ३४ विद्यार्थी. बहुतेकांच्या घरात कोंकणी बोलतात. पण दारात पडणारा पेपर मराठी, देवळातली भजने मराठी आणि जत्रेच्या रात्री सभामंडपात होणारे नाटकही मराठी. त्यामुळे या मुलांना कादंबरीचे पान वाचताना अडखळायला होते, पण नाटकातले संवाद हातात दिले की ती चटकन आवाज लावतात. कोणाच्या काकांनी राजाची भूमिका केलेली असते, कोणाच्या आजोबांनी लुगडे नेसून नायिकेची. नाटक त्यांना परके नाही.

शोकात्मिका हा घटक होता. नाटक कोणते घ्यायचे हे मला ठरवता येत होते. मी राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ घेतले. नाटक १९१९ मध्ये रंगभूमीवर आले आणि त्याच वर्षी जानेवारीत गडकरी गेले. बालगंधर्वांनी नायिका सिंधूच्या भूमिकेसाठी ठिगळांचे लुगडे नेसले, ही आठवण आजही सांगितली जाते. निवडीमागचे माझे खरे कारण मात्र वेगळे होते. सिंधूचा नवरा सुधाकर दारूकडे वळतो तो चैनीखातर नव्हे. न्यायाधीशाशी खटका उडतो, वकिलीची सनद काही काळासाठी जाते, आणि तो अपमान विसरायला दारूबाज तळीराम त्याच्यापुढे पहिला प्याला धरतो. पुढे तो दारू सोडतो, कामासाठी प्रतिष्ठितांचे उंबरे झिजवतो, तिथे ‘दारूबाज’ म्हणून झिडकारला जातो आणि पुन्हा प्याल्याकडे येतो.

आमच्या भागात हे समजावून सांगावे लागत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. मधे काही सुरू झाल्या. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्याला ट्रक पुन्हा उभे राहिले. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात गंजत होते, टायरांत पावसाचे पाणी साचत होते. काल ज्याला गाव ‘ट्रकवाले’ म्हणून मान देत होते तो माणूस आज बँकेच्या नोटिशीला घाबरून फोन उचलत नव्हता. सनद गेलेला सुधाकर माझ्या विद्यार्थ्यांना कळेल, असे मला वाटले. ते वाटणे बरोबर होते. तो त्यांच्यापैकी कोणाच्या किती जवळचा असेल, याचा विचार मी केला नव्हता.

समस्या

जात्याचा प्रवेश आणि शेवटचा अंक मी एकाच आठवड्यात वाचून घेतले. माहेरची मदत न घेता सिंधू लोकांची दळणे दळते, जवळ लेकरू आहे. वाचताना एकीने विचारले, “जातें म्हणजे दांतें?” मी हो म्हटले आणि वर्ग एकदम घरात शिरल्यासारखा झाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, त्याच्या आजीचे दांते अजून पडवीत आहे. पुढे सुधाकर दारूच्या भरात काठी उगारतो, मूल जाते, सिंधू मरणाला टेकते आणि फौजदार आल्यावरही नवऱ्यावर दोष येऊ देत नाही.

वाचन संपले तेव्हा सगळे गप्प होते. त्या शांततेला मी पाच मिनिटे द्यायला हवी होती. मी लगेच प्रश्न टाकला: “सिंधू चुकली का? चुकली असे वाटते त्यांनी हात वर करा.” एक हात वर आला, तोही अर्धवट. “नाही चुकली?” जवळजवळ सगळे हात वर. एक मुलगा उठून म्हणाला, “बायको असावी तर अशी. मरताना सुद्धा घराची अब्रू राखली.” टाळ्या पडल्या. एक मुलगी म्हणाली, “माझी आजी म्हणते, घरचं भांडण उंबऱ्याबाहेर जाऊ नये.” आणखी टाळ्या. वर्ग इतका बोलता झालेला मी त्या सत्रात पहिल्यांदा पाहत होते आणि मला आनंद झाला होता.

तिसऱ्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने दोन्ही वेळा हात वर केला नव्हता. एरवी ती उत्तम वाचायची, सिंधूचे संवाद तिनेच वाचले होते. मी तिला उभे केले. “तू कोणत्या बाजूची? काहीतरी बाजू घ्यायला हवी ना!”

ती कोंकणीत म्हणाली, “म्हाका खबर ना, मॅडम.” म्हणजे मला माहीत नाही. मी म्हटले, “विचार कर, वेळ घे,” आणि सगळ्यांसमोर तिच्याकडे पाहत थांबले. वर्गही थांबला. ती पुन्हा म्हणाली, “म्हाका खबर ना. हांव भायर वता (मी बाहेर जाते),” आणि गेली. छत्री बाकाखालीच राहिली. बाहेर ऑगस्टचा पाऊस होता.

पुढचे चार दिवस ती आली नाही. तिची वही मैत्रिणीने माझ्याकडे आणून दिली. आदल्या तासाच्या टिपणांत हॅमर्शिया (नायकाचा प्रमाद), विरेचन (भावनांचा निचरा) या शब्दांच्या व्याख्या नीट उतरवलेल्या होत्या. त्या दिवशीच्या पानावर तारीख, नाटकाचे नाव आणि समासात एकच वाक्य दोनदा: “पडले म्हणून सांगितले.” दुसऱ्यांदा लिहिताना पेन इतके दाबले होते की पुढच्या पानावर वळ उठला होता.

मैत्रिणीने जिन्यात हळू आवाजात सांगितले ते असे. वडिलांचे दोन ट्रक. दारू २०१२ नंतर वाढली, मधे कमी झाली, मार्चनंतर पुन्हा वाढली. जूनमध्ये आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. विहिरीकडे शेवाळावरून पाय घसरला, असे सगळ्यांना सांगितले होते. गावात कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. पावसात पाय घसरतोच.

म्हणजे मी भर वर्गात जो प्रश्न लोकशाही पद्धतीने मतदानाला टाकला होता, तो या मुलीसाठी तिच्या आईचा प्रश्न होता. आणि तिच्या वर्गाने टाळ्या वाजवून निकाल दिला होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला सल्ला एका ज्येष्ठ सहकाऱ्याचा: नाटक इथेच थांबवा, दुसरे घ्या. सल्ला काळजीपोटी होता आणि मी त्यावर एक रात्र विचार केला. पण नाटक एकाएकी बंद केले तर सगळे कारण शोधणार, आणि कारण म्हणून त्यांना तीच दिसणार, रडवेली होऊन बाहेर गेलेली. शिवाय ‘सिंधू थोर’ हा टाळ्यांचा निकाल तसाच राहिला असता.

काही झालेच नाही असे धरून पुढे जाणे हा दुसरा मार्ग. शिक्षकीपेशात आपण हे फार वेळा करतो.

घरी फोन करणे किंवा आईला भेटणे हा तिसरा. मला सर्वांत जास्त ओढ याचीच होती आणि धोका सर्वांत जास्त इथेच होता. मला कळलेली गोष्ट मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेली, ती मुलगी स्वतः काही बोलली नव्हती. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा कोणालाही संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देण्याची मुभा देतो, आणि प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होत नाही. म्हणजे कायद्याने माझी वाट मोकळी होती. पण अधिकारी येऊन गेल्यावर रात्री त्या घरात राहणार होती ती आई आणि ही मुलगी.

चौथा मार्ग: आधी समुपदेशकांशी बोलायचे, मुलीला निवडीची मोकळीक द्यायची, नाटक चालू ठेवायचे पण शिकवण्याची पद्धत बदलायची. मी हा घेतला. ठामपणे घेतला असे म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझा हात फोनवर होता.

केलेली कृती

समुपदेशक आमच्याकडे आठवड्यातून एकदा येत. त्यांना मी नाव न घेता सगळे सांगितले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या मी अजून पाळते. तिला तिची हकीकत विचारू नका, ती सांगायची की नाही हे तिच्याकडे राहू दे. आणि माफी मागायची असेल तर ज्या गोष्टीबद्दल मागायची तिचे नाव घेऊन मागा.

मी संदेश पाठवला: “तुझी वही माझ्याकडे सुरक्षित आहे. परवा तुला सगळ्यांसमोर उभे करून विचारले, ते माझे चुकले. लेखी कामासाठी दुसरे नाटक घ्यायचे असेल तर घेता येईल, कारण द्यायची गरज नाही.”

पाचव्या दिवशी ती स्टाफरूमच्या दारात उभी होती. आत ये म्हटले तरी उंबऱ्यावरच थांबली. वही घेतली, ते पान उघडून पाहिले, मिटले. मी पान पाहिले आहे हे तिला कळले असावे. मग म्हणाली, “मॅडम, मला दुसरं नाटक नको. सिंधूवरच लिहायचंय. पण हात वर करायचा नाही.”

त्या एका वाक्यावर मी पुढचे तीन तास आखले.

वर्गात गेल्यावर मी आधी सांगितले की गेल्या वेळचा प्रश्न विचारण्याची पद्धत चुकली. शोकात्मिका शिकवताना आपण नायकाचा प्रमाद शोधतो. ग्रीक विचारवंत अॅरिस्टॉटलचा ‘हॅमर्शिया’ हा शब्द मुळात नेम चुकण्याबद्दलचा, पण वर्गात त्याचा ‘दोष कोणाचा’ असा अर्थ होऊन बसतो. आणि एकदा दोषी शोधायला निघालो की आजूबाजूची माणसे नजरेतून सुटतात. त्याच अॅरिस्टॉटलने म्हटले आहे की कोरसलाही, म्हणजे ग्रीक नाटकातल्या वृंदालाही, एक पात्रच मानावे. तेव्हा नवा प्रश्न असा: या नाटकात सुधाकर आणि सिंधू सोडून कोण कोण होते? त्यांतले कोण, कोणत्या क्षणी, काय बोलू शकले असते? उत्तर कागदावर, नावाशिवाय. हात कोणीच वर करायचा नाही.

फळ्यावर यादी वाढत गेली. तळीराम तर पहिल्याच मिनिटाला आला. मग सनद काढणारा न्यायाधीश. मग काम मागायला आलेल्या सुधाकरला हसणारे लोक. सिंधूचा भाऊ पद्माकर मदत करायला तयार आहे, पण बहिणीने नको म्हटल्यावर अडतो. तळीरामाची बायको गीता नवऱ्याला तोंडावर उत्तर देते, हे एका चिठ्ठीत होते आणि खाली प्रश्न होता: “मग टाळ्या सिंधूलाच का?” चिठ्ठ्या वाचून दाखवताना माझा आवाज एकदोनदा बसला. आठ-नऊ जणांनी लिहिले होते की गेल्या तासाला सगळ्यांचे हात वर गेले म्हणून आम्हीही केले. एकाने लिहिले: मॅडमना तेच उत्तर हवे असेल असे वाटले.

पुढच्या तासाला मी ग्रीक नाटककार सॉफोक्लीजच्या ‘अँटिगनी’मधला एक प्रसंग सांगितला. नाटक इसवीसनपूर्व ४४१ च्या सुमाराचे. भावाला मूठमाती दिली म्हणून राजा क्रेऑन अँटिगनीला मरणाची शिक्षा देतो. त्याचा मुलगा हेमन त्याला सांगतो की नगरातली माणसे या मुलीसाठी हळहळताहेत, पण काळोखात कुजबुजतात, तुमच्या तोंडावर कोणी बोलणार नाही. कोरसमधले वृद्ध क्रेऑनला मुलीला सोडायला सांगतात, तोही ऐकतो, पण तोवर उशीर झालेला असतो. “बायको असावी तर अशी” म्हणणारा मुलगा इथे बोलला. “मॅडम, आमच्या तिंट्यार (तिठ्यावर) असंच चालतं. सगळ्यांना सगळं माहीत असतं. बारवाल्याला सुद्धा.” मग थोडे थांबून, “मला सुद्धा.” त्याला मी पहिल्या दिवसापासून मनात एका बाजूला टाकले होते. ते चुकीचे होते.

परिणाम

तिने लेखी काम वेळेवर दिले, चार पाने. सुधाकर किंवा सिंधूबद्दल फारसे नव्हतेच. सगळे फौजदाराबद्दल होते. तिने लिहिले होते: फौजदार सिंधूला प्रश्न विचारतो तेव्हा घरची माणसे समोर आहेत. ती त्यांच्यासमोर दुसरे काय सांगणार? फौजदाराने सिंधूला एकटीला विचारायला हवे होते.

या नाटकावर मी बरेच वाचले आहे. सिंधू आदर्श की बळी यावर पानेच्या पाने आहेत. तो प्रश्न कुठल्या खोलीत, कोणासमोर विचारला गेला, इकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. आणि तिसऱ्या बाकावरच्या मुलीला भर वर्गात उभे करून मी तेच केले होते, हे त्या पानावर कुठेही न लिहिता लिहिलेले होते.

चतुर्थीच्या सुट्टीनंतर तिने समुपदेशकांची वेळ विचारली. स्वतःसाठी असे ती म्हणाली. दोन आठवड्यांनी आई आली. त्या खोलीत काय बोलणे झाले ते मला माहीत नाही, माहीत असण्याचे कारणही नाही. आईने नंतर मुलीमार्फत जे कळवले तेवढे सांगते. घर सोडले तर रस्त्यावर येऊ, या भीतीने ती गप्प होती. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, निम्मा वाटा बायकोचा असतो आणि तिच्या संमतीवाचून नवरा घर किंवा जमीन विकू शकत नाही. २००५ च्या कायद्यानेही तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. हे तिला २० वर्षांच्या संसारात कोणी सांगितले नव्हते. १८१ हा महिलांच्या मदतीचा क्रमांक तिने मुलीच्या वहीत लिहून घेतला, स्वतःच्या फोनमध्ये नाही.

वडील काही महिन्यांनी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या बैठकांना जाऊ लागले, मधेच थांबले, पुन्हा गेले. मी शेवटचे ऐकले तेव्हा जात होते. आई त्याच घरात आहे. मारहाण थांबली आहे असे मुलगी म्हणते.

दुसरीकडे एका पालकांनी लेखी तक्रार केली की मॅडम मुलींना घरे मोडायला शिकवतात. माझ्याकडून खुलासा मागवला गेला. मी मुलांच्या निनावी चिठ्ठ्या न जोडता फक्त प्रश्न जोडले. प्रकरण तिथेच मिटले, पण पुढच्या वर्षी नाटक निवडताना दोन सहकाऱ्यांनी मला ‘साधे काहीतरी घ्या’ असे सुचवले. मी पुन्हा हेच घेतले.

आज काय वेगळे करीन

नाटक सुरू करण्याआधी मी आता सांगते की यात दारू आहे, मारहाण आहे, मुलाचा मृत्यू आहे, विष आहे. ज्याला बाहेर जावेसे वाटेल त्याने न विचारता जावे, हजेरीवर परिणाम होणार नाही. काहींना वाटते यामुळे नाटकाची धार जाते. दर वर्षी एक-दोघे बाहेर जातात, दहा मिनिटांनी परत येतात आणि बाकीच्यांपेक्षा लक्ष देऊन ऐकतात. समुपदेशकांचा वार आणि वेळ त्याच दिवशी फळ्यावर असते.

हॅमर्शिया मी आता शेवटी शिकवते. आधी शिकवला की मुले पहिल्या पानापासून गुन्हेगार शोधतात.

सुधाकरचा शेवट मी त्या वर्षी घाईने वाचून पुढे गेले होते. स्वतःला संपवणे हे पात्राच्या पश्चात्तापाचे योग्य टोक आहे असा समज एखाद्याच्या मनात तसाच राहिला असेल. कर्जात बुडालेली घरे समोर असलेल्या वर्गात ती घाई करायला नको होती. आता त्या पानापाशी थांबून बोलतो: तो जिवंत राहिला असता तर पुढचे वर्ष कसे गेले असते?

मैत्रिणीने जिन्यात सांगायला सुरुवात केली तेव्हा मी तिला थांबवून समुपदेशकांकडे न्यायला हवे होते. ती १८ वर्षांची मुलगी ते ओझे तोवर एकटी वाहत होती आणि माझ्याकडे सोपवून तिचे हलके झाले असेल असे मी धरून चालले. तिची विचारपूस मी महिनाभर केली नाही.

आणि एका गोष्टीचा निकाल मला अजून लागलेला नाही. मुलगी उंबऱ्यावर उभी राहिली त्या दिवसापासून आई समुपदेशकांकडे येईपर्यंत दीड महिना गेला. चतुर्थीचे दिवस, घरात पाहुणे, हातात पैसा नाही. त्या दीड महिन्यात आईचा हात पुन्हा दुखावला असता तर माझे थांबणे शहाणपणाचे ठरले नसते. समुपदेशकांना मी नंतर हे विचारले. त्या म्हणाल्या, धोका आहे का एवढे तरी मुलीला एकटीला, दार लावून, एकदा थेट विचारता आले असते: “आज रात्री घरी जायला भीती वाटते का?” हकीकत न विचारताही हा प्रश्न विचारता येतो. मला तो सुचला नाही. आता तो माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे आणि गेल्या काही वर्षांत मी तो दोनदा विचारला आहे.